बिनखिळ्याच्या भिंती

या बदलीतून कारणेसाहेबांना काय मिळणार होतं, ते आधीच सांगून टाकतो. मागाहून कुणाची कुरकुर नको. एक, समुद्राचा वारा. दोन, साबणाला फेस येईल असं पाणी. तीन, लेकीच्या घरापासून चालत दहा मिनिटांवरचं बिऱ्हाड. चार, बावीस वर्षं अखंड चालू असलेलं वहिनींचं तोंड बंद. या चौथ्या लाभासाठी एखादा नवरा बंदरापर्यंत पायी गेला असता. आणि तरीही, अर्ज द्यायच्या शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता साहेब स्वतःचा अर्ज कोरा ठेवून टायपिस्ट बाईंचा अर्ज लिहीत बसले होते.

"धूळ नको, बाई," ते म्हणाले. "धूळ मी आजवर तीनशे वेळा लिहून पाठवली. मुख्य कचेरीच्या टेबलांवर थर साचला असेल."

"मग पाणी लिहा ना, काका. केस बघा माझे. झाडू झालाय नुसता."

साहेबांनी स्वतःच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. "केसांवर बदली होत असती तर मी पहिल्याच वर्षी सुटलो असतो."

मी समोरच्या टेबलावर आवक-जावक सांभाळतो. येणारा कागद फोडायचा, जाणाऱ्यावर शिक्का मारायचा. एवढ्या कामात माणसाला डोळे आणि कान मोकळे ठेवायला भरपूर सवड मिळते.

आमचं शहर कुणालाच आवडत नाही. गावाबाहेर दगड फोडायचे कारखाने आहेत. त्यांची भुकटी पापण्यांवर बसते. पूर्वेचा वारा सुटला की चामड्याच्या गोदामांचा वास थेट ताटापर्यंत येतो. किटलीत दर महिन्याला खडूसारखा पांढरा थर जमतो. रस्त्यात पत्ता विचारला, तर माणूस आधी "कशाला?" म्हणून विचारतो. तपासणीला दोन दिवसांसाठी आलेले अधिकारी एका दिवसात तपासणी उरकतात, आणि त्या एका दिवसात आमच्या सगळ्या चुका माफ होतात. मुलीला बघायला आलेली माणसं मुलगी पसंत करतात आणि "बदली कधी?" म्हणून बापाला विचारतात.

खात्याचा नियम असा: इथे दोन वर्षं काढली, की बाहेरच्या रिकाम्या जागेसाठी अर्ज करता येतो. अर्जात 'कारण' नावाचा रकाना, आठ ओळींचा. जागा एक आणि अर्ज दहा असले, तर ज्याचं कारण वजनदार, त्याला जागा. ती आठ ओळींची विद्या साहेबांच्या हातात होती. त्यांचं खरं आडनाव पगारपत्रकात आहे. बाकी सगळीकडे ते कारणेसाहेब. अर्ध्या खात्याला त्यांनी या गावातून सोडवलं.

आणि नियमाखेरीज एक समजूत. आमच्या वसाहतीत घराच्या भिंतीत कुणी खिळा ठोकत नाही. ज्याने खिळा ठोकला, तो इथलाच झाला. त्याची बदली व्हायची नाही. मी असल्या गोष्टी मानत नाही. माझाही आरसा खिडकीच्या कट्ट्यावर टेकवलेला असतो, हा भाग वेगळा.

"गावाला ठेवलेली नावं तिथे कुणी वाचत नाही," साहेब बाईंना सांगत होते. "तुम्ही कशापासून पळताय याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. कुणाकडे चाललाय ते सांगा. तिकडे कोण आहे?"

"आई. एकटीच असते."

"एकट्या आया पुष्कळ असतात. तुमची काय करते?"

बाई जरा घुटमळल्या. दोन वर्षं होऊनही त्यांना आम्ही 'नवीन बाई'च म्हणायचो. आमच्याकडे माणूस जाईपर्यंत नवीनच असतो.

"तिचे डोळे जाताहेत. मला कळू देत नाही. पण शेजारच्या मावशी म्हणाल्या, जिना उतरताना पायऱ्या मोजते. एकवीस आहेत. परवा दुरुस्तीसाठी खालची पायरी काढली होती. हिने वीस मोजल्या, एकविसावीवर पाय टाकला..."

"लागलं फार?"

"लागलं नाही. पण उठता येईना. दोन तास तिथेच बसून राहिली, कुणीतरी येईल म्हणून. आणि रात्री मला फोनवर काय म्हणाली माहितीये? म्हणाली, आज खाली जाऊन गार हवेत मस्त बसले होते."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढून पुसला. गावाची भुकटी बरी असते, चष्मा पुसायला कारण लागत नाही. मग त्यांनी एका दमात आठ ओळी लिहिल्या. मी उलट्या बाजूने वाचल्या. एक विशेषण नव्हतं. पायऱ्यांचा आकडा होता, दोन तास होते आणि ते गार हवेचं वाक्य जसंच्या तसं होतं. ते वाचून शिपायालासुद्धा रजा द्यावीशी वाटली असती.

बाई सही करून गेल्या. मी खुर्ची ओढली.

"साहेब, ही जागा कुठली आहे ते ठाऊक आहे ना?"

"बंदरावरची."

"किती आहेत जागा?"

"एक."

"आणि तुम्हाला निवृत्तीला किती राहिलं? सव्वादोन वर्षं. शेवटच्या दोन वर्षांत बदली मिळत नाही. म्हणजे हा शेवटचा अर्ज. लेकीचे दिवस भरत आलेत. आणि तुम्ही स्वतःच्या पायावर अशी धारदार कुऱ्हाड घडवून देताय!"

"तू बडबडू नकोस. माझाही लिहितोय."

लिहिला. दोन मिनिटांत. तीनशे लोकांची कारणं सोन्याच्या तराजूत तोलणाऱ्या माणसाने स्वतःसाठी लिहिलं: 'या शहराविषयी माझी कोणतीही तक्रार नाही. मुलीचं पहिलं बाळंतपण आहे. तिच्याजवळ राहावं, अशी पत्नीची इच्छा आहे.' तीन ओळी. खाली पाच ओळी कोऱ्या.

"हा बदलीचा अर्ज आहे की आभाराचं पत्र?"

"खोटं काय लिहिलंय?"

"खोटं लिहायला कोण सांगतंय? मुलगी लहानपणी मूत्रपिंडाच्या दुखण्यातून उठलीये, बाळंतपण जोखमीचं आहे, हे खरंच आहे ना? ते लिहा!"

"ते लिहायचं तर ती बरी कुठे झाली, हेही लिहावं लागेल," साहेब म्हणाले. "इथे बरी झाली. मग या गावातून सुटका द्या म्हणून कुठल्या तोंडाने मागू?"

ही त्यांची अडचण मला ठाऊक होती. आमच्या खात्याच्या इतिहासात या शहरात आपणहून बदली मागणारा एकच माणूस झाला, तो हा. मुलगी पाच वर्षांची असताना बंदरावरच्या इस्पितळात तिचा नंबर अकरा महिन्यांनी लागणार होता. पोरीच्या अंगावरची सूज अकरा दिवस थांबायला तयार नव्हती. तेवढ्यात कळलं, की त्या दुखण्याचा एक निष्णात डॉक्टर वरिष्ठांशी भांडला म्हणून शिक्षेवर आमच्या गावी पाठवलाय. साहेब पोरीला घेऊन इथे आले. डॉक्टरांच्या दाराबाहेर बाक होता आणि बाकावर कुणीही नव्हतं. या गावात कुणी यायला तयार नसतं, म्हणून रांगही नसते. साहेब म्हणायचे, "लोकांच्या नावडीवर माझी पोर जगली. मी नावं ठेवायची कुणाला?"

पाच वाजले. मुदत साडेपाचच्या टपालाची. दोन्ही पाकिटं माझ्यासमोर होती. मी सज्जन माणूस आहे, पण नुसता सज्जन नाही.

"साहेब, एक सुचतंय. पाकिटं कधीकधी टेबलामागे पडतात. बाईंचं पडलं, तर उद्या सापडेल. बाई तरुण आहेत, पुढच्या वर्षी जातील."

साहेब उठले, आपली खुर्ची फरफटत माझ्या टेबलासमोर आणून बसले आणि बाईंच्या पाकिटावर बोट ठेवलं.

"मार शिक्का."

मारला. मग शिपाई पिशवी घेऊन जाईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. स्वतःच्या पाकिटाकडे मात्र त्यांनी पाहिलंही नाही.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. मीच फोडलं. नाव टायपिस्ट बाईंचं होतं. बाई टाइपरायटरवर डोकं टेकून रडल्या, मग उठून सगळ्यांना चहा पाजला. साहेबांनीही अर्ज केला होता हे त्यांना कुणी सांगितलं नाही. साहेबांनी तशी सगळ्यांना तंबी दिली होती. साहेबांनी चहा घेतला आणि म्हणाले, "बाई, पहिलं काम. ती खालची पायरी बसवली का ते बघा."

संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाले, "आज घरी येशील का जरा?"

"साक्षीदार पाहिजे?"

"तिसरं माणूस असलं की ती निदान भांडी हळू ठेवते."

साहेबांचं घर म्हणजे आमच्या समजुतीचं प्रदर्शन. बावीस वर्षांत एक खिळा नाही. घड्याळ कपाटावर पाठीवर झोपवलेलं. वेळ बघायला टाचा उंचवाव्या लागायच्या. कॅलेंडर साखरेच्या डब्याला टेकवलेलं. शर्ट खुर्चीच्या पाठीवर. लेकीचा शाळेतला बक्षीस घेतानाचा मोठा फोटो जमिनीवर, भिंतीला तोंड करून, जुन्या चादरीत. वहिनी म्हणायच्या, बंदरावर गेल्यावर लावू. लेक शाळेतून कॉलेजात गेली, कॉलेजातून सासरी बंदरावर गेली, फोटो चादरीतच.

वहिनींनी आमची तोंडं पाहिली आणि चहाचं आधण ठेवता ठेवता विचारलं, "कुणाला मिळाली?"

"टायपिस्ट बाईंना," साहेब म्हणाले.

"तिचं कारण कुणी लिहिलं?"

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. मी छताकडे पाहिलं. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

"अहो, तुम्हाला विचारतेय."

"मीच."

"आणि आपलं?"

"तेही मीच."

"वा! म्हणजे वकील एकच, फी कुणाचीच नाही, आणि खटला घरच्यांनी हरायचा." पातेलं आपटलं. साक्षीदाराचा काही उपयोग झाला नाही. "भाऊजी, तुम्ही वाचलं असेल. आपलं काय लिहिलं होतं ह्यांनी?"

मी सांगितलं. तक्रार नाही, पत्नीची इच्छा, वगैरे.

"तक्रार नाही? बावीस वर्षं सकाळ-संध्याकाळ मी या गावाला शिव्या घालतेय, त्यातली एखादी तरी घालायची! उसनी मागितली असती तर दिली असती!" मग जरा थांबून, "आणि तिचं?"

साहेबांनी सांगितलं. एकवीस पायऱ्या. दोन तास. गार हवा.

वहिनींनी गॅस बंद केला. चहा गाळला नाही.

"डॉक्टरांची आई," त्या म्हणाल्या.

"हं," साहेब म्हणाले.

मला हे माहीत नव्हतं. बावीस वर्षं समोर बसून माणूस अर्धाच कळतो. वहिनींनी सांगितलं, ते असं: पोरीचे उपचार ऐन मध्यावर असताना डॉक्टरांची शिक्षा संपली, घरी परतायचा हुकूम आला. त्यांनी तो खणात टाकला आणि पाच महिने खण उघडला नाही. चौथ्या महिन्यात त्यांची आई गेली. ते चार दिवस जाऊन आले. परत येऊन पोरीला तपासताना इतकंच म्हणाले, की आईची भेट नाही झाली, पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. पोर बरी झाल्यावर ते निघाले. जाताना या गावचं पाणी शत्रूलाही पाजू नये असं म्हणाले, आणि मागे वळून पाहिलं नाही.

"त्या माणसाचं आपण काही करू शकलो नाही," वहिनी म्हणाल्या. मग आवाज परत नेहमीच्या पट्टीत नेला. "पण एका शब्दाने मला विचारलं असतं, तर मी काय नाही म्हणाले असते?"

"म्हणाली असतीस," साहेब म्हणाले.

"म्हणालेच असते! आधी नाहीच म्हणाले असते. मग हो म्हणाले असते. तेवढा मान तरी मिळाला असता!"

हे कारण आठ ओळींत बसणारं नव्हतं. साहेब उठून वहिनींजवळ गेले आणि म्हणाले, "चुकलं माझं." मी पुन्हा छताकडे पाहिलं.

मग वहिनींनी मला विचारलं, "भाऊजी, हातोडी आहे तुमच्याकडे?"

वसाहतीतल्या कुणाकडे हातोडी असणार? चार दारं ठोठावली, तेव्हा कोपऱ्यावरच्या पंपमेकॅनिककडे मिळाली; खिळेही त्यानेच दिले. "कुणाकडे ठोकणार?" त्याने विचारलं. मी सांगितल्यावर तो चप्पल घालून मागोमाग बघायला आला.

साहेब हातोडी घ्यायला पुढे झाले. "तुम्ही लिहा," वहिनी म्हणाल्या आणि स्टूल ओढून स्वतः चढल्या. भिंतही आमच्या गावासारखीच, सहजी कुणाला आत घेईना. पहिला खिळा वाकला. दुसऱ्या वेळी हातोडी अंगठ्यावर बसली. तिसरा आत गेला. त्यावर लेकीचा फोटो लागला.

"मी सोमवारी जातेय लेकीकडे," स्टुलावरूनच त्या म्हणाल्या. "सहा महिने. नातवंड मान धरेल, बसायला लागेल, तोवर. तुम्ही इथे राहा, चहा करून प्या त्या खडूच्या पाण्याचा."

"मग खिळा कशाला ठोकलास?" साहेबांनी विचारलं. "खिळा ठोकणारा माणूस इथेच..."

"म्हणूनच ठोकला," वहिनी म्हणाल्या. "नाहीतर परत यायचं जिवावर आलं असतं मला."

आणि अंगठा तोंडात धरून खाली उतरल्या.

तर शेवटची बेरीज अशी. टायपिस्ट बाईंना आई मिळाली. त्यांच्याकडून एक चहा. साहेबांनी समुद्राचा वारा दिला आणि त्याची पावती मागितली नाही. डॉक्टरांनी दिलं ते कुठल्याच रकान्यात बसत नाही. गावाने काहीच दिलं नाही, आणि त्या रिकाम्या बाकाएवढं मोठं देणं मी दुसरं पाहिलेलं नाही. बाकी सगळं वहिनींनी भरलं: बावीस वर्षं, नातवंडाचं बघायचं राहणारं पहिलं पाऊल, आणि डाव्या हाताचा अंगठा, जो सोमवारी गाडीच्या खिडकीतून हलत होता तेव्हाही काळानिळा होता.