यकृतातला सोन्याचा मणी

सोनं म्हटलं की तुमची नजर आधी बाईच्या गळ्याकडे जाते. तिथे मी सापडायचो नाही. मी बोलतोय मेंग ओक-जूबाईंच्या यकृतातून. मोहरीएवढा आहे, पण माझ्यावाचून त्यांच्या इलाजाचं पान हलत नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

माझ्या भट्टीतल्या भावंडांच्या अंगठ्या झाल्या, दातांच्या टोप्या झाल्या. मला जॉन्जू शहरातल्या इस्पितळात लांब सुईत भरलं आणि बाईंच्या यकृतात, गाठीला खेटून सोडलं. गाठ एक्स-रेत धड दिसत नाही, मी लख्ख दिसतो. श्वासागणिक यकृत वरखाली होतं, त्याबरोबर गाठ आणि मीही. पडद्यावर एक चौकट आखलेली असते. मी चौकटीत आलो तरच किरणांचा झोत सुटतो, बाहेर गेलो की बंद. शेजारीच आतडं आहे, त्याला चटका बसता कामा नये. किरण सोडणाऱ्या यंत्राचं ते खोलीभर पसरलेलं धूड माझ्याकडे बघून चालतं. मग ताठा नको का यायला?

ओक-जूबाई पान्सोरी गातात. एकटीनं उभं राहून, शेजारी एक ढोलवाला घेऊन, तासन्‌तास कथा गायची. वय सदुसष्ट. शरदात अख्खी कथा गायचं ठरलेलं होतं आणि वसंतात ही गाठ निघाली.

पहिल्या दिवशी यंत्र चालवणारी मि-रान स्पीकरवरून म्हणाली, "बाई, शांत श्वास घ्या."

गाणाऱ्या बाईचा शांत श्वास म्हणजे पार पोटातून. मी तीन बोटं खाली घसरलो. झोत काही सुटेना.

"बाई, अगदी शांत."

बाईंनी आणखी खोल घेतला. आपण किती छान करतोय असंच त्यांना वाटत होतं. अर्धा तास गेला आणि मी चौकटीच्या बाहेरून नुसता येरझाऱ्या घालत राहिलो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टर म्हणाले, "गुरुवारीही जमलं नाही, तर हा इलाज सोडावा लागेल. आणि दुसरा तुमच्या यकृताला झेपणार नाही."

बाहेर बाकावर प्यो तॉक-सू बसला होता. तीस वर्षं त्यांच्या शेजारी ढोल घेऊन बसणारा.

"म्हणे कमी श्वास घ्या," बाई फणकारल्या. "धबधब्यासमोर घसा फोडून कमावलाय मी हा श्वास, दादा. यांना रांगेत उभ्या असलेल्या साध्या बाईचा उथळ श्वास हवाय."

"तुझं नेहमीचंच. कुणी वाटीभर मागितलं की तू पातेलंच उपडं करतेस."

बाई हसल्या नाहीत. "भीती वाटते रे. पोट ऐकतच नाही माझं."

तॉक-सूनं बराच वेळ गुडघ्यावर बोटं वाजवली. मग म्हणाला, "कथेत गाणं थांबतं आणि तू नुसती बोलतेस, तेव्हा मी काय करतो?"

"टिपरू खाली ठेवतोस."

"आणि तुझं पोट?"

बाईंनी पोटावर हात ठेवला आणि कथेतली दोन वाक्यं पुटपुटून बघितली. मी जेमतेम हललो.

गुरुवारी मि-राननं तॉक-सूला माईकपाशी बसवलं. बाई आत एकट्या, मी त्यांच्यात.

"ओक-जू," तो हळूच म्हणाला, "टिपरू खाली ठेवलंय. बोल आता."

बाई मनातल्या मनात कथा बोलू लागल्या. मी चौकटीत आलो. बाहेर गेलो, परत आलो, आणि दर खेपेला झोत सुटला. गाठीवरच बसला, आतड्याला धक्का नाही. असे आठ दिवस इलाज चालला आणि आठही दिवस नेम मी दिला.

उन्हाळ्याच्या शेवटी डॉक्टर म्हणाले, गाठ आटली. मला बाहेर काढत नाहीत, मी इथेच राहणार. पडद्यावर आता मला कुणी शोधत नाही. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

पण आज शरदातला तो दिवस आला. सभागृह भरलेलं. बाई हातातला पंखा मिटून उभ्या राहिल्या आणि कथेची सुरुवात नुसती बोलल्या. मी सवयीनं जागेवर दबून बसलो. तेवढ्यात तॉक-सूनं टिपरू उचललं.

बाईंनी पोटातून श्वास घेतला. मी तीन बोटं खाली गेलो, आणि कुणी थांबवलं नाही. आता मलाही गप्पांसाठी कुणी थांबवू नका. बाई गातायत.