तुळई वर चढताना

घराच्या वाटणीवरून बिनसल्यापासून क्रेन चालवणारी वहिनी आणि खालून तिला इशारे देणारा धाकटा दीर कामावरही बोलत नसत. हाताच्या खुणांवर भागत होतं. त्या दिवशी मात्र सभागृहाच्या छताची अवजड लोखंडी तुळई अधांतरी असतानाच खांबाकडे फिरू लागली आणि धुळीमुळे वर खुणा दिसेनात. दिराने नाइलाजाने वॉकीटॉकी तोंडाशी धरली.

"वहिनी, थांबा!"

तुळई जागीच थांबली. त्याने दोर ओढून तिचं टोक सरळ केलं.

"घ्या वर. सावकाश."

तुळई खांबांवर बसली, बोल्ट आवळून झाले, तेव्हा वॉकीटॉकी खरखरली.

"भावोजी, घसा बसलाय तुमचा. औषध घेतलंत का?"

"घेतो," तो पुटपुटला.

वाटणीचं घोंगडं भिजतच राहिलं. पण दुसरी तुळई उचलताना वहिनी त्याच्यावर पूर्वीसारखीच खेकसत होती आणि तो खुशाल ऐकून घेत होता.