रिळाच्या छापाची नानकटाई

दौंडला स्टेशनामागच्या मैदानात आनंदनगरी आली आणि आमच्या इहीणबाईंना, म्हणजे कुशाबाईंना, बोलणी करायला नेमकी तीच जागा सुचली. "तुमच्या घरी मी येणार न्हाई आन् माझ्या घरी तुम्ही येऊ नका," असा त्यांचा निरोप. त्यांना मोठा पाळणा बघायचा होता हे उघड होतं, पण मुलीच्या बापाने असलं काही बोलायचं नसतं.

बोलणी होती माझ्या सगुणाची. सहा महिने ती आमच्याकडे कासुर्डीला येऊन राहिली होती. सासरी तुपाची बरणी अर्धी झालेली दिसली, कुशाबाईंनी विचारलं, सगुणा म्हणाली, मी हातसुद्धा लावला नाही. झालं, तेवढ्यावरून पोर खोटारडी ठरली. बरणी मांजराने चाटली की आणखी कुणी, देव जाणे. पण सगुणा खोटं बोलत नाही, तिला ते जमतच नाही. लहानपणी लपाछपी खेळतानाही "हितं हाय मी" म्हणून ओरडायची. जावई मल्हारी रेल्वेत खलाशी. मनाने चांगला, पण आईसमोर त्याची दातखीळ बसते. सगुणाला परत जायचं होतं. दौंडची एस्टी आली की ती काही ना काही निमित्त काढून दारात यायची, ते आम्हाला काय दिसत नव्हतं?

"तुपावनं बिनसलंय, तर तुपानंच त्येंचं त्वांड ग्वाड करू," असं माझ्या बायकोने, झुंबरबाईने, ठरवलं. घरच्या म्हशीचं तूप साठवलं. साखर तेव्हा रेशनवर मिळायची, म्हणून महिनाभर आम्हाला गुळाचा चहा पाजला. मग यवतला मीरासाहेबांच्या भट्टीवर जाऊन नानकटाई भाजून आणली. आमच्याकडे रीतच तशी. पीठ, तूप, साखर आपली आणि भट्टी मीरासाहेबांची. बायकांची गर्दी झाली की भाजायचे पत्रे एकमेकांत मिसळतात, म्हणून प्रत्येक जण आपल्या नानकटाईवर खूण करते. कुणी चारोळी दाबते, कुणी चमच्याचं टोक. झुंबरबाई शिलाईच्या रिळाचं तोंड दाबते. गोल चक्र उमटतं आणि मधे टिंब राहतं.

झुंबरबाई, सगुणा आणि मी आनंदनगरीच्या फाटकावर पोचलो, तर तिथल्या माणसाने नानकटाईचा डबाच काढून घेतला.

"भाईरचं खाणं आत चालत न्हाई. जाताना न्या."

भांडायला मी कुणाच्या बापाला ऐकत नाही. सडकेवरचा मुकादम आहे मी, पन्नास माणसं माझ्या आवाजावर खडी फोडतात. पण मागून गर्दी रेटत होती आणि आतून कुशाबाई हात करत होत्या. झुंबरबाईने माझा सदरा ओढला. डबा गेला तो गेलाच.

"बेकरीत बसू या की," कुशाबाई म्हणाल्या.

बेकरी म्हणजे पत्र्याची शेड, कागदी फुलं आणि काचेचं कपाट. फळीवर लिहिलं होतं, नानकटाई, एक नग, पंचवीस पैसे. एका नगाला! एवढ्यात यवतला दोघं चहा पिऊन वर पान खातील. पण मुलीची सासू समोर बसली आहे आणि आपला हात रिकामा आहे, म्हटल्यावर काय करता? मी गल्ल्याशी गेलो, कपाटात बघितलं, आणि माझं डोकंच फिरलं. काचेच्या बशीत आमच्या नानकटाई रचून ठेवल्या होत्या. गोल चक्र, मधे टिंब.

"ह्या आमच्या हायेत," मी दबक्या आवाजात म्हणालो. "आत्ता फाटकावर काढून घेतल्या."

गल्ल्यावरच्याने मान वर केली नाही. "मामा, नाव लिवलंय का तुमचं त्यावर? घ्यायच्या तर घ्या, मागं लोक हायेत."

मी मागे बघितलं. कुशाबाई माझ्याकडेच बघत होत्या. इथे आवाज चढवला तर मुलीचा बाप नानकटाईसाठी भांडला, हे सगळ्या दौंडात झालं असतं. मी रुपया टाकला, चार नानकटाई घेतल्या. माझ्याच घरच्या.

बशी टेबलावर ठेवली. झुंबरबाईने चक्र बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनीच म्हणालो, गप. कुशाबाईंनी एक घास घेतला.

"ह्येला म्हंत्यात नानकटाई! पुण्याची दिसती. घरात कुणाला जमायची न्हाई आसली."

आता मात्र झुंबरबाईला राहवलं नाही. "इहीणबाई, ही म्याच केलीया. तुमच्यासाठीच केली हुती." आणि तिने सगळं सांगितलं, भट्टी, रीळ, फाटकावरचा माणूस, डबा.

कुशाबाई चावायच्या थांबल्या. "तुम्ही केली?"

"व्हय."

"मग ह्यांनी पैसं कशाचं दिलं?"

त्या माझ्याकडे वळल्या.

"सांगा की, व्याही. माझ्या डोळ्यांदेखत पैसं दिलं का न्हाई?"

"दिलं," मी म्हणालो.

"आपल्याच वस्तूचं पैसं कुणी देतं व्हय?"

कुणी देत नाही. दुसऱ्या कुणी ही हकीकत मला सांगितली असती तर मीही त्याला हसलो असतो. कुशाबाईंनी हात झटकले, पदर सावरला आणि उठल्या. "पोरगी कुणावर गेली त्ये आज कळलं. तूप खाल्लं त्येचं मला कायबी न्हाई. पण खोटं मला खपत न्हाई."

सगुणा इतका वेळ खाली मान घालून बसली होती. तिने सासूचा हात धरला.

"आत्याबाई, तूप म्याच खाल्लं हुतं."

"सगुणे!" झुंबरबाई ओरडली.

सगुणाने आमच्याकडे बघितलंच नाही. "भूक लागली हुती. भ्याले, म्हनून न्हाई म्हनले."

कुशाबाईंचा चेहरा हळूहळू सैल झाला. त्या पुन्हा खाली बसल्या. सुनेच्या पाठीवरून हात फिरवला आणि बशीतली एक नानकटाई तिच्या हातात दिली.

"ह्ये तवाच बोलली आसतीस तर कशाला एवढं झालं आसतं? खा. मला खरं बोलणारं मानूस लागतं, दुसरं काय न्हाई."

सगुणा खाऊ लागली. झुंबरबाई आणि मी बघत बसलो.