मास्तरांचा गार पाय

मी एक जुनी इस्त्री आहे. लोखंडी, जड आणि तापट. तापणं हे माझं कामच, त्याबद्दल मी कुणाची माफी मागत नाही. आमच्या टेलर मास्तरांना माझं फार कौतुक. "हिच्यासारखी घडी दुसरीला जमायची नाही," असं ते गिऱ्हाइकांना ऐकवायचे. मग वाफेची हलकी इस्त्री आली आणि माझी रवानगी टेबलाखाली झाली.

तिथून मला मास्तरांचे पाय तेवढे दिसत. पूर्वी ते शिलाई मशीन पायाने चालवत. मशीनला मोटर बसली आणि पाय दिवसभर नुसते लोंबकळू लागले. वर विडीवर विडी, आणि जोडीला खारट, तळलेलं काहीतरी. चार पावलं चालले की पोटरीत गोळे येत, थांबले की बरं वाटे. "वय झालं, दुसरं काय!" म्हणून ते पुन्हा बसत. हळूहळू उजवा पाय गार पडला, अंगठा बधिर झाला. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, डॉक्टरांकडे चला म्हणून मागे लागल्या. मास्तर कसले ऐकतात!

थंडीतल्या एका सकाळी त्यांनी शक्कल लढवली. मला तापवलं, फडक्यात गुंडाळलं आणि पायाशी ठेवलं. ऊब जाणवेना, म्हणून पाय आणखी जवळ सरकवला. फडकं बाजूला झालं आणि अंगठा थेट मला टेकला. अहो, काढा पाय, काढा! पण मला तोंड कुठे? वर ते बाही जोडत मजेत शीळ घालत होते.

"अहो, काही करपतंय का?" काकूंनी आतून विचारलं.

"इथं नाही गं. तुझा गॅस बघ."

काकू गॅस बघून आल्या. तेवढ्या वेळात माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. मग त्या टेबलाखाली वाकल्या आणि किंचाळल्याच. मोजा करपून कातडीला चिकटला होता, आणि मास्तर विचारत होते, "काय झालं?"

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. रक्त पोचलं तर जखम भरेल, नाहीतर अंगठा काढावा लागेल. औषधं देतो, पण विडी आजपासून बंद. मी सांगेन तेव्हा चालायला लागायचं. दुखलं की थांबायचं, पुन्हा निघायचं."

काकूंनी विड्या फेकल्या. ताटातलं मीठ-तेल कमी झालं, डाळी आणि पालेभाज्या वाढल्या.

"मी काय बकरी आहे?" मास्तर कुरकुरले.

"बकरीचे चारही पाय शाबूत असतात," काकू म्हणाल्या.

जखम मात्र कितीतरी दिवस तशीच होती. पट्टी सुटली की काकूंचा चेहरा उतरे. मास्तरांची शीळ बंद झाली. मला तर त्या पायाकडे बघवत नसे.

एकदा पट्टी बदलताना मास्तर केवढ्यांदा ओरडले, "आई गं! हळू की जरा!"

काकूंचा हात थबकला. "दुखलं? खरंच दुखलं?"

"मग काय! जीव गेला माझा!"

काकू तिथेच फरशीवर बसल्या आणि हसता हसता रडू लागल्या. "ओरडा," त्या म्हणाल्या, "अजून ओरडा."

मित्रांनो, पाय दुखतोय म्हणून सांगतो, तोवर त्याचं ऐका. तो सांगायचा थांबला, तर मला तापवत बसू नका. तडक डॉक्टरांकडे जा.