डोहाळा कौलांचा

गुरुमूर्ति मेस्त्रीचं नाव काढू नका माझ्यापुढं! आज आमच्या घरावर कौलं आहेत, भिंतींना चुना आहे, तरी ते नाव कानी पडलं की डोकं तापतं. साऱ्या कुंभकोणात त्याच्यासारखा हात कुणाचा नाही, हे मीही म्हणेन. पण तो हात आमच्या भिंतीला लागेल तर ना! एका वेळी पाच-सहा घरं धरायची, सगळ्यांना झुलवत ठेवायचं आणि जो जास्त ओरडेल त्याच्याकडं घटकाभर तोंड दाखवायचं. आमचे हे सरकारी कचेरीत कारकून. गोऱ्या साहेबापुढं उभं राहून घडाघडा कागद वाचतील, पण मेस्त्रीपुढं मांजर.

मला घाई हौसेची नव्हती हो. माझी सीता नवव्यात होती. पहिल्या खेपेस आम्ही भाड्याच्या घरात. घरमालकाची आई कडक सोवळ्याची. "बाळंतपण माझ्या घरात नको," म्हणून तिनं हात वर केले. मग माहेर असून पोर सासरी, आडुतुरैला, बाळंत झाली. मूल हाती लागलं नाही. तीही जेमतेम वाचली. त्यावर सीता कधी एक अक्षर बोलली नाही. ह्या खेपेस मी पक्कं ठरवलं होतं, बाळंतपण आपल्या घरात, माझ्या हातून. तर तिच्या सासूचा निरोप आला, "घरावर छप्पर नसेल तर शुक्रवारी गाडी पाठवते, पोरीला परत धाडा." त्यांचं तरी काय चुकलं? इकडचा दिवाळीचा पाऊस तोंडावर आला होता.

आणि घोडं अडलं ते आमच्याच हातानं. गरोदर बाई घरात असली की सातव्या महिन्यानंतर वास्तुशांत करीत नाहीत. म्हणून आम्ही ती आवणी महिन्यातच, श्रावणाच्या सुमारास, उरकली. कौलं अंगणात रचलेली, वाशांवर नारळाच्या झावळ्या, आणि खाली आम्ही दूध उतू घालतोय! वास्तुशांतीत मेस्त्रीला मानाचं धोतर द्यायची रीत. भटजी म्हणाले, "द्या." ह्यांनी दिलं, वर विडाही दिला. मी डोळे मोठे करकरून खुणावत होते, पण सोवळ्यात बसलेला यजमान बायकोकडं बघतो होय? गुरुमूर्तिनं धोतर डोळ्यांना लावलं, खांद्यावर टाकलं आणि गेला तो गेलाच. त्या लोकांत मानाचं धोतर मिळालं म्हणजे काम पुरं झालं. गरज सरो नि वैद्य मरो!

दुसरा मेस्त्री आणावा तर एकही तयार होईना. "गुरुमूर्तिच्या भिंतीवर मी कौल ठेवणार नाही, अम्मा. आमच्यात तसं चालत नाही." म्हणजे पुन्हा त्याच्याच दारी. अडला हरी गाढवाचे पाय धरी. कधी त्याचा मंगळवार आडवा यायचा, कधी अमावास्या. त्याची सासू तर माझ्या देखत दोनदा मेली. "उद्या नक्की, अम्मा," म्हणायचा, ते इतकं गोड की आमचे हे घरी येऊन मलाच सांगायचे, "उद्या येतोय."

माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. चुलीपाशी बसले तरी कान दाराकडं. ह्यांच्यावर ओरडायची, दूधवाल्यावर ओरडायची, सीतेवरसुद्धा, "नीट जेव, अशी काय बघत बसतेस?" म्हणून. गुरुवार उजाडला तरी अंगणातली कौलं अंगणातच.

त्या सकाळी कळलं, दारासुरमला रेशमाचे व्यापारी पद्मनाभ ह्यांच्या नव्या घराची चौकट आज बसतेय, आणि बसवतोय कोण, तर आमचा हाच. मी बैलगाडी बोलावली. पाहते तर सीता आधीच गाडीत चढून बसलेली.

"अगं, ह्या दिवसांत बांधकामावर जातात का? उतर खाली."

"मी येते," एवढंच म्हणाली.

आम्ही पोचलो तेव्हा चौकटीला हळद फासून झाली होती. गडी ती उचलायला वाकले होते. मला पाहताच गुरुमूर्तिनं हात जोडले, "उद्या नक्की, अम्मा..."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सीता पुढं झाली. चार माणसांत मान वर न करणारी माझी पोर! पद्मनाभांच्या म्हाताऱ्या आईला वाकून नमस्कार केला आणि आजीला हाक मारावी तसं स्वच्छ तमिळात म्हणाली, "पाटी, मला डोहाळा लागलाय."

म्हातारी विरघळली. "सांग बाळ. आंबट हवंय?"

"नाही. आईच्या घरात, कौलांखाली झोपायचंय. कौलं अंगणात आहेत. चढवणारा इथं आहे."

म्हातारीनं मेस्त्रीकडं पाहिलं, मग मुलाकडं. "पद्मनाभा, चौकट खाली ठेवायला सांग. पोटुशीचा डोहाळा मोडून माझ्या घराला दार नको."

"पण मुहूर्त, अम्मा!" गुरुमूर्तिचं तोंड पांढरं पडलं.

"मुहूर्त दुसरा मिळेल. ह्या पोरीचं आधी. गडी घे आणि नीघ."

"उद्या सकाळी..."

"आत्ता!"

काय सांगू, मला हसू आणि रडू एकदमच आलं. सगळे गडी आमच्या गाडीमागून चालत आले. मी कंबर खोचून खाली उभी राहिले, मेस्त्रीला पाणी प्यायलासुद्धा उतरू दिलं नाही. दिवस मावळायच्या आत शेवटचं कौल बसलं. दुसऱ्या दिवशी आडुतुरैची गाडी आली ती रिकामीच परत गेली.

त्या दुपारी नव्या घरात सीता चटईवर आडवी झाली. मी तिच्या पायांना तेल चोळत होते. म्हटलं, "बाई गं, चिंचा-बोरं सोडून कौलांचा डोहाळा! ऐकलं नव्हतं कधी."

"डोहाळा कुठला, आई," ती म्हणाली. "भीती वाटत होती. ह्या खेपेस तिकडं गेले तर परत यायची नाही, असं सारखं वाटायचं."

"अगं, मग मला का नाही बोललीस?"

"तू दिवसभर सगळ्यांवर ओरडत होतीस. मी कधी सांगू?"

मी दुसरा पाय मांडीवर घेतला.