ओढ्याच्या पलीकडची नावं

हेमंतरावांचा सगळा जन्म हिशेब खात्यात गेला, पण आईच्या डोंगरांचा हिशेब काही त्यांना लागेना.

गाव धरणात जाऊन जमाना झाला. शेतं गेली, ओढे गेले. डोंगरांचे नुसते माथे पाण्याबाहेर उरले आणि त्यांची नावं कुठल्याच नकाशात नव्हती. नावं सांगणारे नामदेवकाका इथंच शहरात, दिलसुखनगरात राहायचे. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता गेल्या थंडीत काकाच गेले. आता उरली एकटी आई, इंदुताई. तिला सकाळी घेतलेला चहा आठवत नव्हता, लेकाचं तोंड ओळखू येत नव्हतं.

बसवून विचारलं की ती गप्प. शेवटी हेमंतरावांच्या बायकोला, त्रिवेणीला सुचलं. "अहो, आई भाकरी घेऊन शेतात जायच्या ना? मग चालू द्या की त्यांना."

मग टॉवेलची चुंबळ झाली, वर रिकामी टोपली आली, आणि चिक्कडपल्लीच्या त्या फ्लॅटमध्ये दारापासून शेताची वाट सुरू झाली. हेमंतराव मोबाइल धरून मागं मागं.

"ही गव्हाळी. उन्हाळ्यात पिकल्या गव्हावाणी दिसती." सोफ्याला वळसा. "ही बाळंतीण. पोट बघा केवढं पुढं आलंय." मध्येच काही विचारलं की स्वारी मागं फिरायची आणि पुन्हा दारापासून श्रीगणेशा. म्हणून हेमंतराव तोंडाला कुलूप लावून चालायचे.

स्वयंपाकघराच्या दाराशी ओढा होता. "हा रडका ओढा. सासरी निघालेल्या पोरी इथवर रडायच्या, पलीकडं गेल्या की डोळे पुसायच्या." पलीकडं त्यांचं शेत आणि शेतामागं तो डोंगर. त्याच्याच पायथ्याशी हेमंतराव तान्हेपणी झोळीत निजायचे. वडील नुसतं 'आपला डोंगर' म्हणायचे. त्या एका नावासाठी त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

एका सकाळी आई कुठंही न अडखळता ओढ्यापाशी आली आणि थबकली. त्रिवेणीनं नुकतीच फरशी पुसली होती. ओली फरशी लखलखत होती.

"पाणी आलंय," आई म्हणाली.

हेमंतराव दुखऱ्या गुडघ्यांवर बसले. फडक्यानं फरशी कोरडी केली, पंखा लावला. "ओसरलं बघ आई. चल."

"वर लई पाऊस झालाय. तुम्हाला नाही कळायचं."

दुसऱ्या दिवशी फरशी पुसलीच नाही. तरी ती तिथंच थांबली. तिसऱ्या दिवशीही. "कायकू पुसली हो मी!" म्हणून त्रिवेणी रडली. तिला तरी काय बोलणार? हेमंतरावांना स्वतःचाच राग येत होता. काका होते तोवर सवड कुठं मिळाली होती!

त्या दिवशी आईच्याही डोळ्यांना धार लागली. "पलीकडं झोळीत लेकरू निजलंय माझं. उठलं असंल. भुकेनं रडत असंल."

"आई, मी आहे ना इथं. मीच तो."

आईनं त्यांच्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं आणि पदर सावरला.

"तुमचंबी कुणी पलीकडं हाय का, भाऊ?"

हेमंतरावांनी मान डोलावली. तिच्या डोक्यावरची टोपली आपल्या हातात घेतली आणि पाणी ओसरायची वाट बघत तिच्याशेजारी उभे राहिले.