मीटरच्या पेटीतली गोगलगाय

धाकटीने खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "ताई, तुझ्या गोतावळ्यातलं कोणीतरी आलंय बघ."

आम्ही दोघीच बहिणी. मी संग्रहालयात गोगलगायींच्या शंखांचा विभाग सांभाळते, त्याला बावीस वर्षं झाली. धाकटी पाण्याचे मीटर वाचते. गल्लोगल्ली हिंडायचं, फुटपाथमधल्या पेटीचं झाकण लोखंडी आकड्याने उचलायचं, रीडिंग टिपायचं आणि पुढे चालू लागायचं. शाळेत दोनदा नापास झाली, पण रस्त्याने निघाली की दहा जण तिला हाक मारतात. मला संग्रहालयाचा वॉचमन अजून ओळखपत्र दाखवायला लावतो.

बाटलीत नखाएवढी तपकिरी गोगलगाय होती. जिवंत. मी बाटली सहज उजेडात धरली आणि हात तिथेच थबकला. शंखाचे वेढे डावीकडे वळत होते. बहुतेक सगळ्या गोगलगायींचे उजवीकडे वळतात. भिंग काढलं. शंखाच्या तोंडाशी तीन बारीक दात.

ही जात फक्त उत्तरेकडच्या चुनखडीच्या डोंगरांत सापडते, इथून दोन दिवसांच्या वाटेवर. निदान सगळ्या पुस्तकांत तसंच लिहिलेलं आहे. अकरा वर्षं माझी एकेक सुट्टी मी त्या डोंगरांत घातली होती. गुडघे सोलून घेतले, जळवा अंगावर वागवल्या. मूठभर रिकामे शंख मिळाले, जिवंत एकही नाही. आणि हिला ती काम करता करता मिळाली होती.

"कुठे सापडली?"

"शिंप्याच्या दुकानासमोरच्या पेटीत. झाकणाला आतून चिकटली होती. कामाची आहे का?"

मी भिंग खाली ठेवलं. "छे," मी म्हणाले, "बागेतली साधी आहे. कोबी खाते."

"मग देते कुंडीत सोडून."

"राहू दे. बघते मी तिचं."

धाकटीने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग बिस्किट चहात बुडवून, कुठल्याशा घरातला कुत्रा तिची वही घेऊन कसा पळाला ते सांगत बसली. मी हसले. एक अक्षरही ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नोंदीचा फॉर्म भरला. 'प्रथम कोणास आढळली' या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा छानच आलं.

आमच्या विभागप्रमुख बाई कडक. कौतुक त्यांच्या तोंडून कधी निघत नाही. पण त्या दिवशी भिंगातून डोळा काढून त्यांनी माझा हात धरला. "अकरा वर्षं! शेवटी तुझ्याच पदरात पडली." मला अगदी धन्य वाटलं, खोटं कशाला बोलू? पुढचं वाक्य मात्र वेगळं होतं. "पण एकीवरून काही सिद्ध होत नाही. कोणी आणलेल्या रोपाच्या मातीतूनही आली असेल. तिथे वस्ती आहे का, ते बघायला हवं. गुरुवारी जाऊ, जागा दाखव."

मंगळवारी मी एकटीच स्क्रूड्रायव्हर घेऊन गेले. झाकण हलेना. गळ्यात टेप अडकवलेला शिंपी बाहेर येऊन म्हणाला, "बाई, पाणी चोरताय की मीटर?" कसंबसं उचकटलं, तर आत एक कोळी. पुढच्या सहा पेट्यांत तोही नाही. नख मुळातून तुटलं. फुटपाथवर बसून बोट चोखताना एकच डोक्यात होतं, की झाकणंसुद्धा धाकटीचंच ऐकतात.

शेवटी तिलाच फोन करावा लागला.

"साधी आहे ना ती?" धाकटी म्हणाली. "मग तुझ्या बाई कशाला येतायत?"

"मोजणी आहे," मी म्हणाले.

गुरुवारी ती गणवेशात, आकडा खांद्यावर टाकून आली. "शिंप्याची पेटी कोरडी पडलीय," ती बाईंना म्हणाली. "तिथे नाही राहायच्या. इकडे या." जुन्या गल्लीत नेऊन तिने एक झाकण उचललं आणि अलगद उलटं केलं. तेवीस होत्या. मी मोजल्या.

बाई वय विसरून जमिनीवर बसल्या. पेटीच्या आतल्या भिंतीवर त्यांनी बोट फिरवलं. "हा तर चुनखडीचा दगड! डोंगरातून आलाय. त्याच्याबरोबरच आल्या असणार या."

"जुन्या सगळ्या पेट्या याच दगडाच्या आहेत," धाकटी म्हणाली. "मी तीन वर्षं बघतेय यांना. उलट्या वळतात म्हणून लक्षात राहिल्या. परवा ताईच्या टेबलावर तसलाच रिकामा शंख दिसला, म्हणून एक नेऊन दिली. ती म्हणाली साधी आहे. म्हटलं असेल, तिला जास्त कळतं."

बाईंनी हातातली फाइल मिटली. "फॉर्मवर वेगळं लिहिलंय."

"काय लिहिलंय?" धाकटीने मला विचारलं.

"माझं नाव."

एकही गोगलगाय चिरडली जाऊ नये म्हणून तिने झाकण अगदी सावकाश खाली टेकवलं. मग सरळ उभी राहिली. "तुला द्यायलाच आणली होती मी ती. खरं बोलली असतीस तर म्हटलं असतं, लाव तुझंच नाव, मला काय करायचंय त्याचं? आता मात्र माझं लाव. पूर्ण. पगारपत्रकावर आहे तसं."

तसंच लावलं. शोधनिबंध मी लिहिला, तिचं नाव मीच टाइप केलं. बाईंनी मला माफी लेखी मागायला लावली, ती मागितली. वर्तमानपत्रात आकडा धरलेल्या धाकटीचा फोटो आला. वॉचमनने तो कापून गेटवरच्या त्याच्या खोलीत चिकटवला. रोज मी आत जाताना फोटोतली ती माझ्याकडे बघून हसायची.

दोन महिने ती घरी आली नाही. मग एका रविवारी मीच गेले. तिने दार उघडलं, चहा टाकला आणि पाठमोरी असतानाच विचारलं, "अजून जळतेस?"

"हो."

"थोडं?"

"बरंच."

"मीही जळायचे," ती कप पुसत म्हणाली. "तू पुस्तक उघडलंस की आई मला बोलूसुद्धा द्यायची नाही. पण मी तुझी पुस्तकं नाही फाडली." तिने चहा पुढे सरकवला. "उद्या नदीकडच्या गल्ल्या आहेत. तिथे अजून कोणी पाहिलेलं नाही. यायचं तर सातला ये. झाकण मी उचलणार."

मी मान डोलावली. नदीकडे तिला एकही सापडू नये, असं परतताना वाटभर मनात येत होतं. आणि सकाळी पावणेसातलाच मी तिच्या दाराशी जाऊन उभी राहिले.